गळिताला ट्रॅक्टर काढण्याआधी टाकीत डोकवा

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि वाळवा, पलूस, कराडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. पावसाळाभर शेडात अर्ध्या टाकीवर उभा असलेला ट्रॅक्टर त्याच दिवशी धूळ झटकून बाहेर निघतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चढावर दम तोडतो, आणि मागं ट्रॉल्यांची रांग लागते.

‘साधं डिझेल भरू का प्रीमियम?’ असं हमखास विचारलं जातं. १ एप्रिल २०२० पासून देशभर रस्त्यावरच्या वाहनांसाठी बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेलच मिळतं. त्यात गंधक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. बीएस-४ मध्ये ते ५० होतं, बीएस-३ मध्ये ३५०. प्रीमियम म्हणजे याच डिझेलात नोझल साफ ठेवणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनात जुना, साधा डिझेल पंप असलेल्या ट्रॅक्टरला त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. तेवढ्यात चांगला फिल्टर येतो.

गंधक कमी झाल्यानं डिझेल ‘कोरडं’ झालं म्हणून काहीजण टाकीत पावशेर इंजिन ऑइल ओततात. गरज नाही. वंगणासाठी लागणारं रसायन कंपनीकडूनच मिसळून येतं.

खरा वैरी पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं दव धरतं, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतात तिथं बुरशी वाढते आणि काळसर, बुळबुळीत साका फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं. पंपवाल्याला शिव्या घालून झाल्यावर फिल्टरखालची वाटी (बाऊल) उघडली, तर खाली दोन बोटं पाणी! म्हणून ट्रॅक्टर काढायच्या दिवशी सकाळी, चालू करण्याआधी, टाकीचा आणि फिल्टरचा तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढून टाका. फिल्टर बदला, डिझेलच्या नळीतली हवा नीट काढा. हंगामात कामावरून आलं की रात्रीच टाकी भरून ठेवा, सकाळी नको. शेतावर कॅनमध्ये साठा करत असाल तर जस्ताचा मुलामा दिलेला डबा वापरू नका. डिझेलाशी जस्त जमत नाही.

हंगामात ‘बायोडिझेल’ म्हणून लिटरमागे बरेच रुपये स्वस्त माल दारात येतो. खरं बायोडिझेल वनस्पती तेलापासून बनतं आणि पंपावरच्या डिझेलात ठरावीक प्रमाणात मिसळायला परवानगीही आहे; पण टँकरवाल्याच्या ड्रममध्ये काय आहे हे तुम्हाला कोण सांगणार? रॉकेलची भेसळ तर त्याहून वाईट. रॉकेलला वंगण कमी, इंजिनाचा डिझेल पंप झिजतो. ५० अश्वशक्तीवरचा, २०२३ नंतरचा ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुराचा नवा निकष) ट्रॅक्टर असेल तर असल्या मालाच्या वाटेलाही जाऊ नका. त्यातले इंजेक्टर हजारो रुपयांचे.

पंपावर शंका आली तर घनता मोजून मागा, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: फलकावरचा आकडा १५ अंश तापमानाचा असतो. ३५ अंशांच्या दुपारी तेच डिझेल घनमीटरमागे साधारण १३-१४ किलोनं हलकं भरतं, म्हणजे ८३० चं ८१६-८१७. तेवढ्यावरून भांडायला उठू नका, तापमानानुसार घनता देणारं कोष्टक दाखवायला सांगा. मापाची शंका असेल तर ५ लिटरचं प्रमाणित माप असतंच.

थंडीत डिझेल गोठेल का, असंही कोणी विचारतं. हिवाळ्यात पंपावर येणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाण्याजोगं असतं. कृष्णाकाठी तेवढं पुरतं. लडाखसाठी मात्र वेगळं डिझेल काढावं लागलं.

ऊस वाहायला बीएस-६ ट्रक लावला असेल आणि त्याला डीईएफची (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रावणाची) वेगळी टाकी असेल, तर तीत ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं तयार द्रावणच जातं. शेतातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून ओतू नका, आणि ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी न फिरवता आधी टाकी रिकामी करून घ्या.