थंडीत ट्रेलर गरम ठेवताना आम्ही केलेल्या चुका, तुम्ही टाळा

आम्ही अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. इथे डिसेंबरमध्येसुद्धा दुपारी हाफ शर्टवर फिरता येतं, त्यामुळे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घेताना आमचं सगळं लक्ष एसी नीट चालतो का याच्यावर होतं, थंडीचा विचार कोणी केलाच नाही. पण इथून ग्रँड कॅन्यनची साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा) म्हणजे साधारण चार तास, ट्रेलर मागे असेल तर अजून थोडं जास्त, आणि तेवढ्या वेळात तुम्ही अकराशे फुटांवरून जवळजवळ सात हजार फुटांवर जाता. सकाळी घरातून चपला घालून निघालो आणि संध्याकाळी फ्लॅगस्टाफच्या पुढे बर्फ, असं आमचं झालंय. इकडचे बरेच मराठी लोक आईबाबा भारतातून आले की नाताळच्या सुट्टीत तिकडेच नेतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमची पहिली हिवाळी ट्रिप सासूसासऱ्यांबरोबर होती. जागेवर विजेचं कनेक्शन होतं, वीज भाड्यातच धरलेली, म्हटलं गॅस कशाला जाळायचा, दोन विजेचे हीटर लावले, फर्नेस (ट्रेलरमधला गॅसवर चालणारा, गरम हवा सोडणारा हीटर) बंद केला आणि झोपलो. आत मस्त ऊब होती, मुलाने तर पांघरूण फेकून दिलं. बाहेर १० फॅरेनहाइट, म्हणजे उणे १२ सेल्सियस. सकाळी सासूबाई चहा ठेवायला उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, नळाला पाणी नाही गं, टाकी संपली का?" टाकी भरलेली होती. खाली पाइप गोठले होते, आणि दुपारी बर्फ सुटल्यावर कळलं की पंपाजवळच्या फिल्टरची प्लास्टिकची वाटीही तडकलीय, पलंगाखाली सगळं पाणी.

तर हीच सगळ्यात मोठी चूक. आपण माणसं गरम ठेवतो, ट्रेलर गरम ठेवत नाही.

बऱ्याच ट्रेलरमध्ये पाण्याचे पाइप आणि टाक्या ट्रेलरच्या फरशीखाली असतात, खालून प्लास्टिकच्या शीटने बंद केलेल्या, आणि त्या पोकळीत फर्नेसच्या गरम हवेचा एक फाटा सोडलेला असतो. म्हणजे फर्नेस चालला तरच खाली ऊब जाते. विजेचा हीटर फक्त खोली गरम करतो, मग थर्मोस्टॅटला (खोलीचं तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या यंत्राला) वाटतं सगळं छान आहे, तो फर्नेसला हाक मारतच नाही, आणि खाली पाइप गारठत राहतात. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, हल्लीचे लवचीक पाइप ते थोडंफार सोसतात पण जोड, फिल्टर, नळाचे प्लास्टिकचे भाग सोसत नाहीत.

हीटर लावूच नका असं नाही म्हणत. लावा, पण थर्मोस्टॅटपासून लांब, बारीक करून, आणि थर्मोस्टॅट ६० ते ६२ फॅरेनहाइटवर ठेवा म्हणजे फर्नेस मधूनमधून चालू होईल. आम्ही आता एक साधा वायरलेस थर्मामीटर घेतलाय, त्याचा सेन्सर पंपाशेजारी ठेवतो आणि आकडा उशाशी दिसतो. तिथे ४० च्या खाली गेलं की थर्मोस्टॅट वाढवायचा, आत कितीही उबदार वाटत असलं तरी. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवायची, तिथले पाइप बाहेरच्या भिंतीला चिकटून असतात.

अजून एक, १५०० वॉटचा हीटर म्हणजे ताशी फक्त ५,१०० बीटीयूच्या (उष्णता मोजायचं एकक) आसपास, आणि ट्रेलरचा फर्नेस साधारण ताशी २० ते ३५ हजार बीटीयूचा असतो. ३० अँपिअरच्या कनेक्शनवर सगळी मिळून ३,६०० वॉट मिळतात, दोन हीटर लावले की २५ अँपिअर तिथेच गेले, वर कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणार. पडला तर फक्त गैरसोय, पण प्लग आणि सॉकेट तापत असेल तर तो धोका आहे. तासाभराने हात लावून बघा, चटका बसत असेल तर काढून टाका, आणि बारीक एक्स्टेंशन वायरवर हीटर कधीच चालवू नका.

गोठलंच तर काय करायचं

आधी पंप बंद करा, नाहीतर बर्फ सुटल्यावर फुटलेल्या जागेतून पंप पाणी ओतत बसेल आणि तुम्हाला कळणारही नाही. सगळे नळ उघडे ठेवा, फर्नेस चांगला ७५ पर्यंत चढवा, कपाटं उघडा, मग नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे हेअर ड्रायर फिरवा. उघडी ज्योत, टॉर्च, मेणबत्ती, असलं काही नाही, तिथे प्लास्टिक आणि लाकूड आहे. आम्हाला दुपार झाली. सासरे शांतपणे एकेक नळ बघत होते, बाथरूमचा नळ आधी सुटला, स्वयंपाकघरातला शेवटी.

आणि बाहेरच्या नळाला लावलेला पाण्याचा लवचीक पाइप, म्हणजे होज, रात्री तसाच ठेवायचा नाही. संध्याकाळी आतली टाकी भरून घ्या, होज काढा, पाणी झटकून गुंडाळून आत ठेवा, आणि रात्री पंपावर चालवा. सांडपाण्याचा व्हॉल्व्हसुद्धा उघडा ठेवू नका, नळाची बारीक धार बाहेरच्या पाइपात थरावर थर गोठते आणि दोन दिवसांत पाइप पूर्ण बुजतो. सांडपाण्याची टाकी भरू द्यायची आणि एकदम सोडायची.

गॅसचा हिशोब

२० पौंडांच्या सिलेंडरमध्ये साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू असतात. ३० हजारांचा फर्नेस सलग चालला तर १४ तास. सलग चालत नाही, समजा निम्मा वेळ चालला तरी दिवसभरापेक्षा थोडं जास्त, बस. आमच्या ओळखीच्यांना वाटलं होतं दोन सिलेंडर आठवडाभर पुरतील कारण उन्हाळ्यात दोन महिने पुरले होते! उन्हाळ्यात त्यावर फक्त चहा आणि भात होतो, इथे तो पूर्ण घर तापवतोय.

दोन सिलेंडर आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर असेल तर थंडीत दोन्ही उघडे ठेवा, एक संपला की रात्री तो स्वतः दुसऱ्यावर जाईल, पण सकाळी उठल्यावर रेग्युलेटरच्या छोट्या खिडकीत लाल खूण आलीय का बघायचं आणि रिकामा लगेच भरून आणायचा. बघितलं नाही तर दुसराही पहाटे तीनला संपतो.

भारतातून आलेले लोक विचारतात की एवढ्या थंडीत गॅस गोठत नाही का. आपल्या घरच्या सिलेंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेलं असतं, आणि ब्युटेन उणे अर्ध्या सेल्सियसच्या खाली द्रवच राहतो, त्याचा गॅस होत नाही, पण इथे ट्रेलरमध्ये जे भरतात ते जवळजवळ सगळं प्रोपेनच, त्याचा उकळबिंदू उणे ४२ सेल्सियस. म्हणजे कॅन्यनच्या थंडीत तो चालतो. फक्त सिलेंडर जेवढा रिकामा आणि जेवढा थंड तेवढा त्यातून गॅस हळू बनतो, म्हणून थंडीच्या रात्री तळाशी आलेल्या सिलेंडरवर विसंबून राहू नका.

फॅन फिरतोय पण गरम हवा येत नाही

ह्यावर सगळ्यात जास्त फोन येतात मला. आधी स्टोव्ह पेटवून बघा, ज्योत नीट निळी आणि मोठी असेल तर गॅस येतोय. लपलपतेय किंवा पेटतच नाही तर सिलेंडर बंद, रिकामा, किंवा रेग्युलेटरमध्ये ओलावा गोठलाय. नवीन सिलेंडर लावला असेल तर लाइनमध्ये हवा असते, दोन तीनदा प्रयत्न केल्यावर पेटतो.

गॅस ठीक आहे तर बॅटरी बघा. फर्नेसमध्ये एक छोटा पातळ पत्र्याचा स्विच असतो, फॅनच्या वाऱ्याने तो ढकलला गेला तरच गॅस पेटायची परवानगी मिळते. बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरली की फॅन फिरतो पण जोर नसतो, स्विच ढकलला जात नाही, आणि रात्रभर नुसता गार वारा अंगावर. तो फॅनही ७ ते १० अँपिअर खातो. १०० अँपिअर-तासाच्या लेड अॅसिड बॅटरीतली निम्मीच वापरायची असते, आणि थंडीत तीही कमी होते, उणे १८ सेल्सियसला तर क्षमता निम्म्याच्या आसपास येते. म्हणून विजेचं कनेक्शन नसलेल्या जागी, जसं साउथ रिमवरचं मेथर कॅम्पग्राउंड, एका बॅटरीवर रात्र काढायचा हिशोब आधी करून जा, तिथे जनरेटरलाही ठराविकच वेळ असते. लिथियम बॅटरी असेल तर शून्य सेल्सियसखाली ती चार्ज करायची नाही, चांगल्या बॅटरीत ते आपोआप थांबतं, मग लोकांना वाटतं सोलर बिघडलं.

तिसरं कारण अगदी घरगुती आहे. फर्नेस आतली हवा जिथून ओढतो ती जाळी बहुतेक खाली असते, आणि थंडीत सगळे तिच्यासमोरच बूट, जॅकेट आणि बॅगा ठेवतात. हवा मिळाली नाही की फर्नेस तापतो आणि स्वतःला बंद करतो, परत चालू, परत बंद. झोपायची खोली जास्त गरम होते म्हणून जमिनीवरची गरम हवेची झडपं बंद करणारेही हाच त्रास ओढवून घेतात. आणि बाहेर जिथून धूर जातो तिथे बर्फ साचलाय का, उन्हाळ्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलंय का, तेही बघा. अॅरिझोनात तर हे फार कॉमन आहे.

ही चूक मात्र कधीच नको

स्टोव्ह किंवा ओव्हन पेटवून ट्रेलर गरम करायचा नाही. थोड्या वेळासाठीसुद्धा नाही. ट्रेलर लहान, दारंखिडक्या बंद, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं आणि माणसाला वाटतं उंचीमुळे झालं असेल किंवा प्रवासाचा शीण असेल. आपल्या आईबाबांच्या वयाचे लोक तर सांगतही नाहीत, म्हणतात झोपले की बरं वाटेल. असं दोघांना एकाच वेळी वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, आणि मदतीला ९११ ला फोन करा, बाकी सगळं नंतर.

ट्रेलरचा स्वतःचा फर्नेस बाहेरची हवा घेऊन जाळतो आणि धूर बाहेर सोडतो, म्हणून तो वेगळा. पण ते एक पौंडाच्या हिरव्या बाटलीवर चालणारे छोटे गॅस हीटर आतलीच हवा वापरतात, ते लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरच्या मागे तारीख छापलेली असते, मुदत संपली असेल तर नवीन लावा, चाचणीचं बटन दाबून आवाज येतो म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं नाही. गॅसगळतीचा डिटेक्टर जमिनीजवळ असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, त्याच्यासमोर बॅग ठेवू नका.

आणि त्या छोट्या हीटरचं अजून एक. एक पौंड प्रोपेन जळलं की पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत येतं. बारीक ठेवला तरी रात्रभरात जवळजवळ दोन बाटल्या लागतात, म्हणजे दीड लिटर पाणी तुमच्या भिंतींवर.

ओल

हे मला फार उशिरा कळलं. पाच माणसांचा श्वास, ओले जॅकेट, दोन वेळचा चहा आणि कुकरच्या शिट्ट्या, हे सगळं पाणी गार खिडकीवर आणि गादीखाली जाऊन बसतं. दुसऱ्या वर्षी परत आल्यावर गादी उचलली तर खाली फळीवर काळी बुरशी. आपल्याला वाटतं फट म्हणजे उष्णता वाया, म्हणून आम्ही छतावरच्या झरोक्याचं झाकण घट्ट बंद करून वर टॉवेलही कोंबला होता. उलट करायचं, कुकर लावताना छताचा पंखा चालू, आणि रात्री एक झाकण बोटभर उघडं. थोडा गॅस जास्त जातो, जाऊ द्या. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. आम्ही डाळ भात घरूनच शिजवून नेतो आणि तिथे फक्त गरम करतो, बराच फरक पडला.

खिडक्यांना चंदेरी बबल शीट लावतात, ठीक आहे, पण काचेला चिकटवली तर फार उपयोग होत नाही, मधे हवेची थोडी जागा हवी. दोन चार दिवसांपेक्षा जास्त एका जागी राहणार असाल तर ट्रेलरच्या खालची मोकळी बाजू दोन इंची फोम बोर्डाने चारी बाजूंनी बंद करा, वारा खालून जाणं थांबतं आणि पायाला लगेच जाणवतं. फर्नेसचा धूर जिथून निघतो ती जागा मात्र मोकळी. ट्रेलरवर चारही ऋतूंसाठी असं लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, त्या शब्दाला काही ठरलेलं मोजमाप नाही, घेताना खाली वाकून बघा पाइप कुठून जातात आणि गरम हवेचा फाटा तिथे खरंच येतोय का.

परत निघायच्या आदल्या दिवशी टाक्या रिकाम्या करा. पाणी न वापरता जायचं असेल तर सिंक आणि शॉवरच्या जाळीत गुलाबी अँटीफ्रीझ ओता, ट्रेलरसाठी मिळतं तेच, गाडीच्या इंजिनातलं हिरवं अजिबात नाही, ते विषारी असतं. आणि फिनिक्सला पोचलं की त्याच दुपारी गाद्या बाहेर काढून उन्हात टाका, सगळी कपाटं उघडी ठेवा, दोन दिवस तरी.