व्याकरण येतं, पण तोंड उघडत नाही? मग सराव असा करा

परक्या भाषेच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा माणूस त्याच भाषेत कुणी रस्ता विचारला की अडखळतो. त्यात हुशारी कमी पडते असं नाही. सराव झालेला असतो वाचण्या-लिहिण्याचा आणि प्रसंग येतो बोलण्याचा. नियम सांगता येणं ही एका प्रकारची आठवण. विचार न करता वाक्य तोंडून निघणं ही दुसरी, पोहण्याच्या किंवा सायकलच्या जातीची. पहिली कितीही घोटली तरी दुसरी आपसूक येत नाही.

बोलताना काय म्हणायचं ते ठरवायचं, शब्द शोधायचे, ते जुळवायचे आणि उच्चारायचे. मातृभाषेत पहिलं सोडून बाकीची कामं न कळत होतात. नवख्याला सगळीच जाणीवपूर्वक करावी लागतात. ती जिथे चालतात ती कार्यरत स्मृती फार चिमुकली. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची रचना मांडली. मनात घोळवला नाही तर ऐकलेला शब्द तिथे दोनेक सेकंदच टिकतो. म्हणूनच वाक्याचं शेपूट जुळवेपर्यंत डोकं निसटतं.

१. सुटे शब्द नव्हे, तयार तुकडे घ्या. ‘वाट’ आणि ‘पाहणे’ वेगवेगळे पाठ करणारा परभाषक ऐनवेळी दोन्ही शोधत बसतो. ‘मी तुमची वाट पाहतोय’ हा एकच तुकडा असेल तर स्मृतीतली एकच जागा अडते. ‘थांबा, आठवून सांगतो’ हे वाक्य तर सगळ्यात आधी शिका, त्याने श्वास घ्यायला वेळ मिळतो.

२. वही मिटून बोला. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं. ते वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने आठवून पाहणारे सरस ठरले. तेव्हा आपल्या भाषेतला अर्थ बघा, वाक्य मोठ्याने म्हणा आणि मगच ताडून पाहा.

३. अंतर ठेवा. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने, असे फेरे पुरतात. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. अडखळलात तर अंतर कमी करा.

४. तेच पुन्हा, पण कमी वेळात सांगा. माझ्या मते सगळ्यांत जास्त फळ देणारी पायरी ही. एक साधा विषय घ्या, उदाहरणार्थ कालचा दिवस. एकाला चार मिनिटांत सांगा. मग तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी या सरावावर लिहिलं आहे. दुसऱ्या फेरीत मजकूर तयार असतो, त्यामुळे डोकं मोकळं होऊन जिभेकडे लक्ष जातं. ऐकायला कुणी नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. (स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल. दोन दिवसांत सवय होते.) यात एक धोका मात्र आहे: घाईत चूकही घोटली जाते. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये एखादीच मोठी चूक दुरुस्त करा. पाच नकोत, पुढच्या फेरीत त्यातली एकही आठवणार नाही.

५. दुरुस्ती नुसती ऐकू नका, स्वतः करा. शिक्षक चुकलेलं वाक्य सहज बरोबर करून म्हणतात आणि विद्यार्थी मान डोलावून पुढे जातो. लायस्टर आणि रांटा या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की अशी दुरुस्ती बहुतेकदा वाया जाते. शिक्षकांना सांगा, ‘चुकलं एवढंच म्हणा, बरोबर मी शोधतो.’

क्लास लावणार असाल तर हिशेब करा. तीस जणांचा वर्ग, तासभराची बैठक आणि निम्मा वेळ शिक्षकच बोलणार, म्हणजे एकेकाने बोललं तर तुमच्या वाट्याला एक मिनिट. तेच जोड्या पाडल्या तर उरलेल्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं तुमची. पहिल्या दिवशी फळ्याकडे नंतर बघा. आधी घड्याळ लावून मोजा की तुमचं तोंड किती वेळ उघडं होतं.