स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतरच्या समाधानाचे आकडे कसे वाचावेत

प्रौढ वयात स्कोलिओसिसवर, म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला आलेल्या बाकावर, शस्त्रक्रिया करून घ्यायची की नाही हे ठरवताना अमेरिका, जपान, युरोप अशा ठिकाणच्या रुग्णांच्या समाधानाचे आकडे वाचनात येतात. ते आपल्याला लागू करण्याआधी कोणत्या प्रश्नांच्या उत्तरांतून ते निघाले हे पाहावे. या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी प्रश्नावली १९६६ साली स्थापन झालेल्या ‘स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी’ची ‘एसआरएस-२२आर’ ही आहे. तिच्यातील २२ प्रश्नांपैकी वेदना, दैनंदिन कामे, स्वतःच्या शरीराविषयीची भावना आणि मनःस्वास्थ्य यांवर प्रत्येकी पाच प्रश्न असून समाधानावर केवळ दोन आहेत: उपचाराच्या परिणामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का, आणि हाच आजार पुन्हा झाला तर हाच उपचार घ्याल का. गुण १ ते ५ असे मोजतात. जास्त गुण म्हणजे स्थिती चांगली.

त्यामुळे समाधानाचा गुण कधीही एकटा वाचू नये. वेदना आणि दैनंदिन कामे यांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे गुण शेजारी ठेवून फरक पाहावा, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी कितीजणांनी शेवटपर्यंत उत्तरे दिली हेही तपासावे.

प्रश्न कधी विचारले, यालाही तितकेच महत्त्व आहे. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया येथील १५ केंद्रांत झालेल्या ‘स्कोली-रिस्क-१’ या अभ्यासात, गुंतागुंतीच्या व्यंगावर शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढांपैकी सुमारे २२ टक्के रुग्णांच्या पायांची ताकद घरी सोडताना आधीपेक्षा कमी भरली. सहा महिन्यांनी हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले. दुसऱ्या बाजूने, या शस्त्रक्रियेत धातूचे रॉड बसवून मणके एकमेकांशी जोडतात; ते मणके न जुळणे किंवा रॉड तुटणे अशा अडचणी पुष्कळदा वर्ष उलटल्यावर दिसतात. म्हणून निदान दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे धरावेत.

दोन देशांची तुलना करताना अधिक जपावे लागते. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतर, उलट भाषांतर (पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे), तज्ज्ञांची छाननी आणि रुग्णांवरील चाचणी हे टप्पे पार पाडतात. तरीही शब्द जुळले म्हणजे जगणे जुळले असे होत नाही. पाठीमुळे कुटुंबाला आर्थिक ओढाताण होते का, हा ‘एसआरएस-२२आर’मधील प्रश्न उपचाराचा खर्च विमा उचलतो तिथे आणि दागिने गहाण ठेवावे लागतात तिथे एकाच अर्थाने वाचला जाणार नाही. जपान आणि कोरियात जमिनीवर बसण्या-निजण्याची रीत आहे, आणि आपल्याकडेही ती आहे. कमरेचे मणके थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत जोडले गेले की कंबर वाकत नाही; वाकण्याचे सारे काम खुबे आणि गुडघे यांच्यावर येते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याला हा ताठरपणा फारसा जाणवणार नाही, पण पाटावर जेवणाऱ्या आणि भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणाऱ्या माणसाला तो दिवसातून अनेकदा जाणवेल. अमेरिकेत तयार झालेली कमरेच्या ताठरपणाची एक वेगळी प्रश्नावली आहे. ती मोजे घालता येतात का, शौचानंतर स्वच्छता करता येते का, खाली पडलेली लहानशी वस्तू उचलता येते का, असे विचारते. माझ्या मते आपल्या वाचकाने समाधानाच्या टक्केवारीपेक्षा या प्रश्नांवर अधिक वेळ द्यावा.

त्यासाठी दोन-तीन दिवस एक वही जवळ ठेवावी आणि कंबर जिथे जिथे वाकते ते प्रत्येक काम टिपावे: पायाची नखे कापणे, बादलीतून तांब्याने पाणी घेणे, केर काढणे, देवापुढे बसणे, लहान मुलाला उचलून घेणे. खुबे किंवा गुडघे आधीच दुखत असतील तर तेही लिहावे. ही वही शल्यविशारदांपुढे ठेवून कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत जोडणार, आणि त्यानंतर यांतली कोणती कामे राहतील, कोणती वेगळ्या रीतीने शिकावी लागतील, कोणती सोडावी लागतील, हे एकेका ओळीपुढे लिहून घ्यावे.