सीडी६४, एचएलए-डीआर तपासणी: रक्त काढल्यानंतरच्या या चुका टाळा

सीडी६४ आणि एचएलए-डीआर हे पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू; जंतुसंसर्ग आणि प्रतिकारशक्ती यांचा अंदाज घ्यायला ते मोजतात. पण ट्यूबमध्ये आलेलं रक्त थांबलेलं नसतं. पांढऱ्या पेशी जिवंत असतात; ऊन लागलं, हिसके बसले, वेळ गेला की त्यांच्या पृष्ठभागावरचे रेणू बदलतात आणि फ्लो सायटोमीटर (पेशींवरचे रेणू लेझरने मोजणारं यंत्र) तो बदल आजार म्हणून मोजतो. सांगली-मिरजेहून नमुना पुण्याला पाठवायचा तर रस्त्यातच चार-पाच तास जातात. रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन्ही तपासण्या एकाच बल्बमधून (रक्ताच्या ट्यूबमधून) करणं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीवर सीडी६४ एरवी नावापुरता असतो; जंतुसंसर्गात काही तासांतच वाढतो. तो तसा दणकट आहे. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेला बल्ब, १८ ते २५ अंश आणि २४ तासांच्या आत तपासणी, एवढं सांभाळलं तर भागतं. मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीवरच्या एचएलए-डीआरचं उलटं आहे. गंभीर सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा) तो घटतो, पण नमुना खोलीच्या तापमानाला पडून राहिला तर आपोआप वर चढतो. म्हणजे ज्या रुग्णाची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याचाच आकडा ठीकठाक दिसतो! म्हणून याचा बल्ब वेगळा घ्या, लगेच २ ते ८ अंशांत ठेवा आणि ४ तासांच्या आत अँटिबॉडी (रेणूला चिकटणारं, चमकता रंग लावलेलं प्रथिन) घाला. पुण्याला पोचेपर्यंत ही वेळ उलटणार असेल तर साध्या ईडीटीएवर विसंबू नका. पेशी स्थिर ठेवणारी ट्यूब कोणती चालेल, हे त्या लॅबला आधी विचारा.

मे महिन्यात गाडीच्या डिकीत नमुन्यांचा डबा ठेवू नका. बल्ब गोठलेल्या आइस पॅकला थेट टेकवूही नका, रक्तपेशी फुटतात. मध्ये टॉवेलची घडी घाला.

पृष्ठभागावरचा आणखी एक रेणू, सीडी११बी, फारच हळवा. न्यूट्रोफिलच्या कणांत त्याचा तयार साठा असतो, तो काही मिनिटांत पृष्ठभागावर येतो. नुसत्या थंड-गरम होण्यानेही. सीडी६२एल हा असाच दुसरा रेणू मात्र पेशी चेतवली की कापला जाऊन गळतो. त्यामुळे त्याच वेळी काढलेलं निरोगी माणसाचं रक्त त्याच डब्यातून पाठवा. त्यातही सीडी११बी चढलेला आणि सीडी६२एल गेलेला दिसला, तर दोष हाताळणीचा आहे.

आता ट्यूबमधलं काम. ५० मायक्रोलिटर रक्त थेट तळाशी सोडा. वर काचेला लागलेला थेंब अँटिबॉडीत भिजत नाही; लायसिंगच्या (लाल पेशी फोडण्याच्या) वेळी तो खाली उतरतो आणि ग्राफवर रंग न लागलेल्या पेशींचा वेगळाच पुंजका दिसतो. अशी ट्यूब कापसाच्या काडीने पुसा. अँटिबॉडीचं प्रमाण टायट्रेशन करून (वेगवेगळी प्रमाणं वापरून बघून) ठरवा, अंधारात १५ ते २० मिनिटं ठेवा. दहापट तीव्र लायसिंग सोल्यूशन पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) नव्हे, डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करायचं. सेंट्रिफ्यूज ३०० जी, ५ मिनिटं. जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) एक नाहीत. रोटरच्या त्रिज्येवरून हिशेब करा.

आकडा देण्याआधी त्याच नमुन्यातल्या बाकीच्या पेशी बघा. मोनोसाइटवर सीडी६४ भरपूर आणि लिम्फोसाइटवर जवळजवळ नसायला हवा. लिम्फोसाइटही चमकत असतील तर कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा प्रकाश दुसऱ्यात मिसळतो, त्याची वजावट) तपासा, रिपोर्ट रोखून धरा.

आणि फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ लिहाच. केमोथेरपीनंतर जी-सीएसएफचं (पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिलेलं असेल तर संसर्ग नसतानाही सीडी६४ वाढतो. स्टेरॉइडने एचएलए-डीआर घटतो. हे लॅबला कळवल्याशिवाय कळत नाही.