जोड्यांच्या डावात दुसरं पान जुनंच उलटा

इंदुरात रविवारचे पोहे-जिलबी आटोपले की आमच्याकडे सतरंजीवर पत्ते उपडे मांडतात. पूर्ण 52 नकोत, पोरं कंटाळतात. दश्श्या, गुलाम, राण्या, राजे, एक्के अशी 20 पानं पुरतात. दोन उलटायची, जोडी जमली तर आपली, वर आणखी एक पाळी.

खरी मेख दुसऱ्या पानात आहे. पहिलं नवं उघडलं आणि त्याची जोडी कुठे पाहिलेलीच नाही? मग दुसरं आधी पाहिलेलंच उलटा. दोन्ही नवी उघडलीत, तर फुकटची माहिती पुढच्याला. आमच्या आठ वर्षांच्या नातीला हे कळलंय, आजोबांना अजून नाही!

शेवेची वाटी मात्र लांब ठेवा. तेलकट डागावरून राणी पाठीनंच ओळखू येते.