बेटकुळीच्या कंडरेची सूज: कायरोप्रॅक्टिक उपचार नीट कसे घ्यावेत

पाठीवर 16 लिटरचा पंप आणि एका हातानं सारखा दांडा मारायचा. कापसाची फवारणी लागली की चार-आठ दिवसांत खांद्याच्या पुढच्या बाजूला ठणका सुरू होतो. ऊसतोडीत मोळी डोक्यावर चढवणाऱ्यांचंही तेच. मग "हाड सरकलं" म्हणून बसवून घ्यायला धावाधाव होते. बहुतेक वेळा हाड सरकलेलं नसतंच. दंडाच्या बेटकुळीची लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दंडाच्या हाडावरच्या अरुंद खाचेतून खांद्याच्या वाटीपर्यंत जाते. तीच घासून दुखावते.

घरी एवढं बघा. कोपर सरळ ठेवा, तळहात आभाळाकडे करून हात समोर उचला आणि कुणाला तरी मनगटावर हलकं दाबायला सांगा. बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, खांद्याच्या पुढे कळ आली तर या दुखण्याचा संशय घ्या. खात्री तपासणीनंतरच.

टक् आवाज होऊन बेटकुळीचा गोळा खाली उतरला, दंड काळानिळा पडला, हात बधिर झाला किंवा ताप आला, तर आधी डॉक्टर. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छाती भरून घाम फुटला तर थेट दवाखाना गाठा.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातानं मणके आणि सांधे मोकळे करायचा उपचार. त्यासाठी आपल्याकडे कायद्यानं नेमलेली स्वतंत्र परिषद नाही, म्हणून नुसता बोर्ड बघून आत जाऊ नका. पदवी कुठली, किती वर्षांची, हे विचारा. जवळ कुणी शिकलेलं नसेल तर हातानं उपचार करणारा चांगला फिजिओथेरपिस्टही हेच काम करतो. तपासणारा मान, पाठीचा वरचा भाग आणि फरा (खांद्यामागचं चपटं हाड) यांची हालचाल बघतो का, याकडे लक्ष द्या. पाठ आखडली, फरा नीट फिरला नाही, की खांद्याचा भार कंडरेवर येतो. म्हणून पाठ-फऱ्याचे सांधे मोकळे करणं आणि आखडलेले स्नायू सैल करणं कामाचं. कडकड आवाज आला म्हणजे गुण आला, असं नाही. मानेला झटका नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा. आणि दुखऱ्या खाचेवर तेल लावून रगडू देऊ नका, सूज चाळवते.

खरं काम मात्र घरचं. पहिले काही दिवस ओढणं, डोक्यावर उचलणं बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पण हात गळ्यात बांधून ठेवू नका, खांदा आखडतो. पुढे वाकून हात लोंबता सोडा आणि लहान गोल फिरवा. ठणका ओसरला की अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्या: दुसऱ्या हाताच्या आधारानं कोपर दुमडा आणि मग दुखऱ्या हातानं एकट्यानं, चार मोजत, बाटली खाली न्या. असं 10 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका वाढलेला असेल तर वजन किंवा फेऱ्या कमी करा. सोपं गेलं तर बाटली एक लिटरची. इथंच बहुतेकांचं चुकतं: आठवड्यात आराम पडतो, व्यायाम सुटतो, दुखणं परत येतं. कंडरा सावकाश भरते. सहा ते बारा आठवडे धरून चाला.

फवारणीवर परतताना पंप अर्धाच भरा, पट्टे आवळून तो पाठीला चिकटवा, कोपर अंगाजवळ ठेवा आणि दर दोन तासाला हात बदला. एकाच हाताचा दांडा असेल तर तासाभरानं दुसऱ्याच्या पाठीवर द्या.