मैफलीत ट्रान्सपोज वापरताना

ट्रान्सपोज म्हणजे बोटं त्याच जागी ठेवून ऐकू येणारा सूर अर्धस्वरांनी वर-खाली सरकवायची कीबोर्डची सोय. गायकाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार (G#) आणि बोटं पांढरी एकच्या (C) सवयीची असतील, तर कीबोर्डवर +8 लावू नका, −4 लावा. सप्तकात 12 अर्धस्वर असल्याने सूर तोच येतो, फक्त एक सप्तक खाली. कीबोर्डमधले रेकॉर्ड केलेले आवाजाचे नमुनेही मूळ स्वरापासून कमी ताणले जातात, त्यामुळे पियानो किंवा स्ट्रिंग्ज पातळ, खोट्या वाटत नाहीत.

खरा घोळ होतो तो दोन गाण्यांच्या मधे. मागचा −4 तसाच राहतो आणि पुढच्या गाण्याचा पहिलाच कॉर्ड बेसूर वाजतो. म्हणून प्रत्येक गाण्याचा आवाज आणि ट्रान्सपोज एकत्र रजिस्ट्रेशन मेमरीत (सेटिंग्ज एका बटणावर साठवायची सोय) साठवा. मात्र काही मॉडेल्समध्ये मेमरी बदलली तरी ट्रान्सपोज बदलत नाही, तेव्हा घरीच तपासून घ्या. मेमरीचं बटण दाबताना कीबोर्डच्या पट्ट्यांवरून बोटं आणि सस्टेन पेडलवरून (स्वर लांबवणारं पेडल) पाय उचललेला हवा, नाहीतर एखादा स्वर अडकून वाजत राहू शकतो.

बास गिटार वाजवणाऱ्याला नेहमी ऐकू येणारी पट्टी सांगा, तुमच्या बोटांखालची नव्हे. तुमचे हात बघून वाजवणारा हमखास चुकतो.